पॅसिफिक म्हणजे नुसता शांत नव्हे

"रविवारच्या वर्गात व्याकरण कशाला? मुलांना चार वाक्ये बोलता आली म्हणजे झाले," असे काही पालक म्हणतात. आम्हा मोठ्या गटातील विद्यार्थ्यांचे मत वेगळे आहे. ते एका लॅटिन विशेषणाच्या आधारे मांडतो, कारण आमच्यापैकी काहीजण शाळेत लॅटिन शिकतात.

आपण कॅलिफोर्नियात ज्या महासागराच्या काठी राहतो, त्याच्या नावात 'पाकिफिकुस' हे विशेषण आहे. 'पाक्स' म्हणजे शांतता, 'फाकेरे' म्हणजे करणे. मूळ अर्थ शांतता करणारा. शांत हाही अर्थ होतो. 1520 साली सामुद्रधुनी ओलांडून आलेल्या मॅगेलनला हा समुद्र शांत वाटला, म्हणून त्याने हे नाव दिले. पुढच्याच वर्षी तो फिलिपिन्समध्ये लढाईत मारला गेला! आपण 'प्रशांत' म्हणतो. त्यातला 'शांत' संस्कृत 'शम्' धातूपासून आला, म्हणजे शमलेला. एक शब्द शांतता करणाऱ्याचा, दुसरा शांत झालेल्याचा. शब्द फोडल्याशिवाय हा फरक कळला नसता.

आता गंमत पाहा. लॅटिनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगे आहेत: पुल्लिंगी पाकिफिकुस, स्त्रीलिंगी पाकिफिका, नपुंसकलिंगी पाकिफिकुम. आपले चांगला, चांगली, चांगले तसेच. शिवाय 'पाकिफिका' हेच नपुंसकलिंगी अनेकवचनही आहे. मराठीतही 'चांगली मुलगी' आणि 'चांगली मुले' यांत विशेषण एकच! इंग्रजीत विशेषण बदलतच नाही, म्हणून इथे वाढलेल्या आपल्यासारख्यांची जीभ नेमकी शेवटच्या स्वरावर अडते.

हा प्रश्न परीक्षेतल्या गुणांचा नाही. "माझा आजी" म्हटले की फोनवर सगळे हसतात. हसतात प्रेमानेच, पण बोलणारा लाजतो आणि इंग्रजीकडे वळतो. असे दहा वेळा झाले की मराठी बंदच होते. नियम ठाऊक असेल तर धीर येतो.

मात्र तक्ते पाठ करून घेण्याला आमचाही विरोध आहे. दर रविवारी पंधरा मिनिटे पुरेत. एक विशेषण घ्यावे, ते मुलगा, मुलगी आणि मूल यांना लावून पाहावे आणि घरी फोनवर वापरावे. 'शांत' घेतलात तर ते तिघांनाही तसेच राहते. का, ते ज्याने त्याने शोधावे.

– मोठ्या गटातील विद्यार्थी