वाट दाखविणारे कोण तयार करणार?

दहावीचा निकाल लागला की आमच्या सीमाभागातील मराठी घरांत आठ-पंधरा दिवस एकच विषय चालू असतो. पेढे वाटून झालेले असतात, शेजारीपाजारी गुणांची विचारपूस करून गेलेले असतात, आणि मग रात्री जेवणे उरकल्यावर वडील, मामा, नोकरीतला एखादा चुलतभाऊ असे मंडळ बसते व मुलाच्या आयुष्याचा निकाल तासाभरात देऊन टाकते. गुण बरे असले तर सायन्स, मध्यम असले तर कॉमर्स, कमी पडले तर आर्ट्स किंवा आय. टी. आय.; मुलगी असेल तर जवळचे कॉलेज कोणते, एवढाच काय तो प्रश्न. ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे तो पोरगा दाराशी उभा राहून ऐकत असतो. मंडळींच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांना जेवढे ठाऊक, तेवढे ते सांगतात. परंतु दावा लावावयाचा तर आपण वकिलाकडे जातो, ताप उतरेना तर डॉक्टरकडे जातो, आणि मुलाच्या पुढील चाळीस वर्षांचा प्रश्न मात्र जो भेटेल त्याला विचारून सोडवितो, ही गोष्ट आम्हांस फार दिवस खटकत आली आहे.

व्यवसाय मार्गदर्शन हे आता काही नवे शास्त्र राहिलेले नाही. अमेरिकेतील बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स या गृहस्थाने १९०८ मध्ये त्यासाठी पहिली कचेरी उघडली, ती परदेशांतून येऊन वसलेल्या गरीब कुटुंबांच्या वस्तीत. घरात एक भाषा, बाहेर दुसरी, आणि नव्या मुलखातील कामधंद्यांची माहिती शून्य, अशी तेथील पोरांची अवस्था होती. पार्सन्सने सांगितलेली रीत साधी होती: प्रथम आपली कुवत व आवड ओळखावी, मग निरनिराळ्या धंद्यांची खरी माहिती मिळवावी, आणि नंतर या दोहोंचा मेळ विचारपूर्वक घालावा. शंभराहून अधिक वर्षांत या शास्त्रात पुष्कळ भर पडली, परंतु हा पाया ढळलेला नाही.

आपल्याकडेही त्याची जाण लवकर आली होती. मुंबई सरकारने १९५० मध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचे स्वतंत्र केंद्र स्थापन केले. त्या वेळी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातच होता, म्हणजे ते केंद्र आमचेही होते, हे आज कितीजणांच्या स्मरणात आहे? मुदलियार आयोगाने १९५३ च्या आपल्या अहवालात माध्यमिक शाळांतील मार्गदर्शनाचा आग्रह धरला. १९५४ मध्ये केंद्र सरकारने दिल्लीस मध्यवर्ती केंद्र उघडले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ उजाडला, आणि आमच्या मुलांची शाळा एका राज्यात व त्यांच्या भाषेचा संसार दुसऱ्या राज्यात अशी फाटाफूट झाली. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये तर अगदी व्यवहार्य सूचना केली होती: प्रत्येक शाळेस स्वतंत्र समुपदेशक देणे परवडत नसेल, तर निदान दहा माध्यमिक शाळांच्या गटामागे एक फिरता समुपदेशक नेमावा. ती सूचना होऊन साठ वर्षे लोटत आली. आमच्या मराठी शाळांचे असे दहा-दहांचे गट पाडून प्रत्येक गटास एक माणूस द्यावा, असे कोणत्याही सरकारने मनावर घेतल्याचे आम्हांस दिसले नाही. आणि स्पष्टच बोलावयाचे तर, आम्हीही कधी तशी मागणी केली नाही.

आता कोणी म्हणेल, यात एवढे शिकावयाचे काय? अनुभवी शिक्षक आहेत, ते सांगतील. आमच्या शिक्षकांविषयी आम्हांस नितांत आदर आहे. तुटपुंज्या साधनांवर मराठी शाळा जिवंत ठेवल्या त्या त्यांनीच. परंतु हे काम निराळे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एन. सी. ई. आर. टी.ची, मार्गदर्शन व समुपदेशन पदविका घ्या. शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेल्या शिक्षकांसाठी आणि मानसशास्त्र, शिक्षण, समाजकार्य अशा विषयांतील पदव्युत्तरांसाठी ती आहे. वर्षभराचा अभ्यासक्रम, त्यातील पहिले सहा महिने घरी राहून करावयाचा अभ्यास, पुढील तीन महिने केंद्रावर प्रत्यक्ष राहून घ्यावयाचे शिक्षण, आणि अखेरचे तीन महिने आपल्या गावी परत येऊन, देखरेखीखाली, खऱ्या मुलांबरोबर काम. या काळात उमेदवार कसोट्या घ्यावयास शिकतो, त्यांचे गुण वाचावयास शिकतो, व्यवसायांची माहिती गोळा करून ती ताजी कशी ठेवावी ते शिकतो. परंतु सर्वांत अवघड धडा निराळाच असतो, आणि तो मुकाट्याने ऐकून घेण्याचा. शिक्षकाला वर्षानुवर्षे सांगण्याची सवय. समोरचा मुलगा अडखळला की वाक्य आपण पुरे करावयाचे, ही त्याची प्रकृतीच होऊन बसते. समुपदेशनाच्या खोलीत हीच सवय घातक ठरते, कारण मुलाच्या मनातले जे असते ते बहुधा त्या अडखळण्याच्या पलीकडेच असते.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. मुलाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून बाहेर जाऊ द्यावयाची नाही, आणि त्याच्या जिवाला धोका दिसला तर मात्र ती कोणास सांगावयाची, याचे नियम या शिक्षणात घोटून घेतले जातात. आमच्या गावात, जेथे शनिवार खुटावर उच्चारलेला शब्द संध्याकाळच्या आत शहापुरास पोहोचतो, तेथे या एका नियमाचे मोल केवढे हे निराळे सांगावयास नको!

या पदविकेची केंद्रे दिल्लीस व परिषदेच्या प्रादेशिक शिक्षण संस्थांत आहेत. प्रादेशिक संस्थांची क्षेत्रे पाहू लागलो तेव्हा आमची जुनीच गोष्ट पुन्हा समोर आली. महाराष्ट्र आणि गोवा भोपाळच्या संस्थेच्या क्षेत्रात, कर्नाटक म्हैसूरच्या. म्हणजे कोल्हापूरचा शिक्षक आणि निपाणीचा शिक्षक, ज्यांची भाषा एक, ज्यांच्या विद्यार्थ्यांच्या अडचणी एक, ते शिकावयास एक उत्तरेस व दुसरा दक्षिणेस जाणार. म्हैसूरची संस्था नामांकित आहे आणि तेथे आमच्या तरुणांनी अवश्य जावे. परंतु मराठी माध्यमाच्या मुलाशी कसे बोलावे, मराठीतील कसोट्या कोणत्या, महाराष्ट्रातील प्रवेशाच्या वाटा कोणत्या, हे त्याला तेथे कोण सांगणार? ते त्याला निराळे मिळवावे लागेल, आणि ते मिळवून देण्याची व्यवस्था आपणच केली पाहिजे.

भाषेचा मुद्दा आम्ही उगाच चळवळीच्या अभिनिवेशाने घुसडतो आहोत असे कोणास वाटेल. तसे नाही. कसोटी म्हणजे तरी काय असते? एखाद्या मुलाने शब्दांवरील प्रश्नांच्या कसोटीत साठांपैकी बत्तीस गुण मिळविले, तर या बत्तिसाला स्वतःचा असा काहीच अर्थ नाही. त्याच वयाच्या, तशाच परिस्थितीतील पुष्कळ मुलांना किती गुण मिळतात, त्या मानाने हा कोठे बसतो, यावरून त्याची किंमत ठरते. आता कसोटी इंग्रजीत, आणि तुलनेची कोष्टके मोठ्या शहरांतील इंग्रजी शाळांच्या मुलांवरून केलेली. ती खानापूर तालुक्यातील जंगलाकाठच्या गावातून रोज एस. टी. ने शाळेस येणाऱ्या मुलीपुढे ठेवली, तर मोजले काय जाते? तिची बुद्धी नव्हे, तिचे इंग्रजी. आणि त्या कागदाच्या जोरावर तिला सांगितले जाते की तुझी धाव येथपर्यंतच. पुण्यात १९६२ पासून ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेने मराठी मुलांच्या बुद्धिमापनाचे काम चालविले आहे, म्हणजे ज्ञान आपल्या भाषेत नाही अशी सबब चालणार नाही. महाराष्ट्राच्या शिक्षण मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली. तिच्यात उणिवा होत्या. कल कळला तरी त्याचे काय करावयाचे हे समजावून सांगणारी माणसे पुरेशी नव्हती. परंतु आमच्या मुलांना तीसुद्धा लाभली नाही, कारण त्यांची परीक्षा कर्नाटकच्या मंडळाची.

सीमाभागातील मुलाला वाट दाखविणे हे इतर ठिकाणापेक्षा दुप्पट कठीण आहे, कारण येथे वाटाच दुहेरी आहेत. कर्नाटकात किमान सात वर्षे शिकल्याच्या आधारावर त्याला तेथील सामायिक परीक्षेतून प्रवेश मागता येतो. पण पहिलीपासून दहावीपर्यंत कन्नड माध्यमात शिकलेल्यांसाठी राखलेल्या जागा त्याला नाहीत. उलट महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या नियमांत वादग्रस्त सीमाभागातील, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी 'ई' हा स्वतंत्र प्रकारच केलेला आहे. ही सवलत आमच्या लढ्याचे एक फळ आहे. परंतु तिच्यासाठी महाराष्ट्राची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, तिचा अर्ज मुदतीत भरावा लागतो, गाव वादग्रस्त भागातील असल्याचा व मातृभाषा मराठी असल्याचा दाखला जोडावा लागतो. बारावीचा निकाल हाती आल्यावर जागे झालेल्या पालकाला यांतले काहीच करता येत नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा विज्ञान शाखेत गेला की एकदम इंग्रजीच्या पाण्यात पडतो. पहिल्या सहामाहीत गटांगळ्या खातो. आणि आपण मुळातच मठ्ठ आहोत अशी स्वतःची समजूत करून घेतो. त्या वेळी त्याच्याशी अर्धा तास बोलणारे कोणी असते, तर कितीतरी मुले वाचली असती.

आणि केवळ डॉक्टर-इंजिनियर हेच का? उद्यमबागेतील ओतशाळांना साचे करणारे, नकाशे वाचणारे, यंत्रे सांभाळणारे कुशल हात हवे असतात. खानापुरात खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची मध्यवर्ती संस्था आहे. तालुक्यातल्या किती शाळांत तिचे नाव घेतले जाते? मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र दाराशी असूनही सैन्यात अधिकारी होण्याची परीक्षा कोणती, ती कोणत्या वयात द्यावयाची, हे ठाऊक नसलेले घरोघरी आहेत. शिपाई होण्याची वाट तेवढी सर्वांना माहीत.

जेथे जाणकार नसतात, तेथे भोंदू येतात. वकिली करावयाची तर सनद लागते, औषध द्यावयाचे तर नोंदणी लागते; 'करिअर काउन्सेलर' ही पाटी मात्र आपल्या देशात कोणीही लावावी. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी सांगणारी मंडळी हजारो रुपये उकळतात. त्या विद्येला शास्त्राचा कसलाही आधार नाही, हे आम्ही येथे निःसंदिग्धपणे नमूद करतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी निदान एक पात्र समुपदेशक वा मानसशास्त्रज्ञ ठेवावा असे निर्देश दिले. हुकूम झाला खरा. पण पात्र माणसे शिकून तयार झाली नाहीत तर त्या जागी अशाच पाटीवाल्यांची वर्णी लागेल.

येथे आम्हांस आपल्याच चळवळीला दोन शब्द ऐकवावेसे वाटतात. सात दशके आम्ही मोर्चे काढले, काळा दिवस पाळला, लाठ्या खाल्ल्या, १९५६ व १९८६ मध्ये माणसे गमावली. ते सारे उचितच होते आणि यापुढेही मागणीपासून तसूभर हटण्याचा प्रश्न नाही. परंतु या काळात आम्ही तरुणास मोर्चाला ये असे जितक्या वेळा सांगितले, तितक्या वेळा तू पुढे काय होणार असे विचारले काय? महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्या वर्षी जन्मलेले मूल आज विशी ओलांडून गेले. निकालाची वाट पाहत त्याचे बालपण थांबले नाही. ८६५ गावे महाराष्ट्रात यावीत म्हणून आपण झगडतो ती कशासाठी? त्या गावांतील मुलांनी आपल्या भाषेत शिकून ताठ मानेने जगावे म्हणूनच ना? मग आपली मराठी शाळा सोडून लोक इंग्रजी शाळेकडे का धावतात याचे उत्तर घोषणांत शोधून चालणार नाही. मराठीत शिकल्यावर पुढे काय, याचे पटण्याजोगे उत्तर त्यांना कोणी देत नाही, म्हणून ते धावतात.

काम फार मोठे नाही. सीमाभागातील मराठी शिक्षणसंस्थांच्या चालकांनी एकत्र बसावे. पहिल्या वर्षी दोन शिक्षक निवडावेत, त्यांत एक तरी शिक्षिका असावी. कारण आमच्या मुली ज्या गोष्टी बाईंना सांगतील त्या सरांना सांगणार नाहीत. त्यांना पगारी रजा देऊन या पदविकेसाठी पाठवावे. फी, राहण्याचा खर्च आणि त्यांच्या जागी काम करणाऱ्याचे मानधन एवढाच बोजा आहे, आणि गणेशोत्सवातील रोषणाईस जी मंडळे हात आखडत नाहीत त्यांना तो जड नाही. पदविका घेऊन परतल्यावर पाच वर्षे दहा शाळांच्या गटात फिरावयाचे, असा लेखी करार घ्यावा. महाराष्ट्र सरकारने या उमेदवारांना शिष्यवृत्ती द्यावी, पुण्या-मुंबईच्या जाणत्या संस्थांकडून मराठीतील कसोट्यांचे निराळे शिक्षण मिळवून द्यावे, आणि 'ई' प्रकाराच्या प्रवेशाची संपूर्ण माहिती दरवर्षी जूनमध्ये, नववीच्या वर्गापासून, प्रत्येक मराठी शाळेस मराठीत छापून पाठवावी. या शेवटच्या गोष्टीस तर न्यायालयाच्या निकालाची गरज नाही की कर्नाटकाच्या परवानगीची. केवळ एक टपालखर्च आहे.