गोळ्या किती चुकल्या?
भोपाळच्या बिट्टन मार्केटात संध्याकाळी चाटच्या गाड्यांपाशी गर्दी असते ती नववी-दहावीतल्या पोरांची. या वयात चारचौघांत उठून न दिसणं जिवापेक्षा मोलाचं वाटतं, आणि जन्मापासून एचआयव्ही असलेल्या मुलाच्या उपचारांची खरी परीक्षा नेमकी इथेच लागते. लहानपणी आजी गोळी देते, नातू गिळतो. पंधराव्या वर्षी तोच नातू दप्तरात बाटली खुळखुळेल म्हणून सहलीला गोळ्या नेतच नाही. औषधं 2004 पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. घोडं अडतं ते बोलण्यापाशी. शाळकरी वयातच मुलाला आजाराची कल्पना द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटना 2011 पासून सांगते. घरचे मात्र ‘रक्त कमी आहे’ म्हणत वेळ मारून नेतात. 2017 चा एचआयव्ही कायदा घर सांभाळणाऱ्या 12 वर्षांवरच्या समंजस भावंडाला धाकट्याचा पालक मानतो. आपण त्यालाच अंधारात ठेवतो. मुंबईच्या वाडिया रुग्णालयातल्या डॉ. इरा शहांसारखे बालरोगतज्ज्ञ अशा मुलांवर उपचार करतात आणि पुढचे डॉक्टरही घडवतात, म्हणून त्यांचं काम दुप्पट मोलाचं. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 2019 पासून रुग्णसंवाद आला, बरं झालं. पण तो पुस्तकातून येत नाही. आईबापांना दहा मिनिटं बाहेर बसवून, न रागावता ‘गोळ्या किती चुकल्या?’ विचारणारे सर ज्याने पाहिले, तोच विद्यार्थी उद्या भोपाळात नाहीतर बीडमध्ये तसं विचारेल, आणि त्याला खरं उत्तर मिळेल.