अर्ज कुणाच्या नावाने?

परवा दुपारी शेजारची सूनबाई सुकेळ्यांचा पुडा घेऊन आली. पुडा हातात आला तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी काम आहे! "काकू, आमचं कॅनडाला जायचं चाललंय. ह्यांचे गुण तेवढे मोजून द्या ना."

ह्यांचं वय ३९, बी.कॉम., खाजगी कंपनीत हिशेबाचं काम. ती ३१ वर्षांची, बी.एस्सी. नर्सिंग झालेली, वसई रोडहून रोज लोकलला लोंबकळत अंधेरीच्या रुग्णालयात जाते. आणि आणलेल्या कागदावर तिच्यापुढे शब्द एकच – पत्नी!

भगिनींनो, कॅनडाने गुण देऊन माणसं निवडायची पद्धत १९६७ साली सुरू केली. 'एक्स्प्रेस एन्ट्री' ही हल्लीची रीत जानेवारी २०१५ पासूनची. परदेशातल्या अनुभवावर जाणाऱ्यांना आधी शंभरात ६७ गुणांची चाळण, मग १२०० पैकी गुणांची यादी, वरच्यांना बोलावणं. पण मुख्य अर्जदार नवराच हवा, असं कुठेही लिहिलेलं नाही. ज्याचे गुण जास्त, त्याने पुढे व्हावं.

वयाचंच बघा. जोडप्यातल्या मुख्य अर्जदाराला २९ व्या वर्षापर्यंत पूर्ण १०० गुण. तिशीपासून दरवर्षी पाच कमी, चाळिशीनंतर दहा-दहा, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य. म्हणजे ह्यांना ५० आणि हिला ९०! शिवाय आरोग्यसेवेतल्या लोकांची २०२३ पासून वेगळी निवडही होते; त्यासाठी अनुभव मात्र ताजा हवा. ह्यांच्या शिक्षणाचे नि इंग्रजीचे थोडे गुण तिच्या खात्यात पडतील ते वेगळेच.

इंग्रजीची परीक्षा कुणाला चुकत नाही. आयईएल्टीएसची 'जनरल ट्रेनिंग' द्यायची, 'अकॅडेमिक' नव्हे. चारही भागांत सहा मिळाले तर मुख्य अर्जदाराला ६४ गुण. ऐकण्यात आठ आणि बाकी तिन्हींत सात आले तर ११६. हा फरक मोठा आहे, म्हणून क्लासचे पैसे इथे घालावेत. निकाल दोनच वर्षं चालतो.

अनुभव पगारी कामाचाच धरतात. सासऱ्यांचं आजारपण काढलं, पोरं वाढवली, त्याला गुण नाहीत. मला हे मुळीच पटलेलं नाही, पण नियम तसा आहे. नोकरी सोडलेल्यांनी मात्र लगेच निराश होऊ नये. गेल्या दहा वर्षांत सलग एक वर्ष पूर्णवेळ कुशल काम केलेलं असलं, तर पहिल्या चाळणीत ते चालतं. जुन्या साहेबांकडून कामाच्या तारखा आणि स्वरूप लिहिलेलं पत्र मिळवून ठेवा.

खरी कटकट नावाची. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. आणि आपल्याकडे तर काहींचं पहिलं नावही लग्नात बदललेलं! विवाहनोंदणीचा दाखला नसेल तर आधी महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात जाऊन तो काढा. जोडीला दोन्ही नावं एकाच स्त्रीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. मगच गुणपत्रिका तपासायला पाठवा. हिच्या गुणपत्रिका नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून निघतील, ह्यांच्या मुंबई विद्यापीठाच्या कलिन्याच्या परीक्षा भवनातून.

एका एजंटाने ह्यांना सांगितलंय, नोकरीचं पत्र आणून देतो, गुण वाढतील. पैसे अर्थातच आगाऊ! नोकरीच्या पत्राचे ते जादा गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झालेत, हे मी तिला वहीत लिहून दिलं. अर्ज स्वतःला भरता येतो. पैसे देऊन कुणाला नेमायचंच, तर तो तिथला वकील किंवा परवानाधारक सल्लागार आहे ना, हे त्यांच्या नोंदवहीत पाहावं. आणि कॅनडात पोचलं म्हणजे नर्स म्हणून काम मिळालं असं नाही, त्या त्या प्रांताचा परवाना वेगळा काढावा लागतो.

सगळं ऐकून ती म्हणाली, "आणि सासूबाई?" या अर्जात नवरा-बायको आणि २२ वर्षांखालची अविवाहित मुलं, एवढेच बसतात. ती बराच वेळ पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत बसली.

सासूबाईंशी ती अजून बोललेली नाही. रविवारी पोळ्या लाटताना विषय काढीन म्हणते. ह्यांना मात्र तिने इंग्रजीच्या परीक्षेचा फॉर्म भरायला बसवलंय.