कुंभार्लीला रोजचा दरड-इशारा हवा

चिपळूण-कराड मार्गावरील कुंभार्ली घाटासाठी पावसाळाभर रोज स्वतंत्र दरड-इशारा निघाला पाहिजे आणि तो घाटाच्या पायथ्याच्या पोफळीतल्या घराघरापर्यंत पोचवण्याची जबाबदारी रत्नागिरी जिल्हा प्रशासनाने घेतली पाहिजे, अशी आमची भूमिका आहे.

नुसता इशारा निघून भागत नाही, तो पाळलाही गेला पाहिजे. उत्तराखंडातील माणा येथे २८ फेब्रुवारी २०२५ रोजी हिमस्खलनाने सीमा रस्ते संघटनेच्या छावणीतील ८ कामगारांचा बळी घेतला. चमोली जिल्ह्यासाठी हिमस्खलनाचा इशारा आदल्याच दिवशी निघाला होता. इशारा असूनही माणसे छावणीतच राहिली, हे अधिक वेदनादायी आहे. दरडींचा इशारा देणे अशक्यही नाही: भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०२४ मध्ये दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरीसाठी दरडींचे अंदाज सुरू केले. सह्याद्रीने मात्र जिल्हाभराच्या पावसाच्या इशाऱ्यावर किती काळ भागवायचे?

इशारा मानायचा तर काही दिवस घाट बंद ठेवावा लागेल, आणि त्याची झळ लहान नाही. चिपळूण-कराड एसटी थांबेल, घाटावरचा भाजीपाला अडेल, मालवाहू गाड्यांना आंबा घाटाचा वळसा पडेल. कधी घाट बंद ठेवूनही दरड कोसळणार नाही आणि लोक संतापतील. तो संताप प्रशासनाने पत्करावा. जुलै २०२१ मध्ये खेड तालुक्यातील पोसरे येथे १७ जण दरडीखाली गेले, हे या जिल्ह्याला नव्याने सांगायला नको.

येत्या पावसाळ्यापूर्वी घाटात स्वयंचलित पर्जन्यमापक बसवावेत, किती पावसाला वाहतूक थांबवायची तो आकडा जाहीर करावा आणि घाट बंद करण्याचा अधिकार कोणत्या अधिकाऱ्याचा, हे लेखी ठरवावे.