विडी कामगारांचे गुडघे

सोलापूरजवळच्या कुंभारीतील रे नगर या कामगार वसाहतीत घर मिळालेल्या विडी कामगार महिलांना गुडघेदुखीवरचे उपचारही वस्तीतच मिळाले पाहिजेत, ही आमची ठाम भूमिका आहे.

मजुरी हजार विड्यांमागे मिळते; म्हणून सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई गुडघे दुखले तरी उठत नाही. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजनावर ताबा आणि बसण्याची उंच सोय यांनी दुखणे बरेच आटोक्यात राहते. हे शिकवणारे कोणी नसेल, तर वेदनाशामक गोळ्याच वर्षानुवर्षे पोटात जातात आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात. केंद्राने २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली, हे योग्यच. पण शस्त्रक्रिया हा शेवटचा उपाय आहे.

केंद्रीय श्रम कल्याण विभागाने विडी कामगारांसाठी कुंभारीत कायमस्वरूपी फिजिओथेरपिस्ट विनाविलंब नेमावा.