गाणारे आपलेच आहेत, म्हणून काय झाले?

परीक्षा संपल्या, शाळांना सुट्ट्या लागल्या. चौदा एप्रिल होऊन गेला. नाक्यावरच्या कमानी उतरल्या. फलकांवरचे हसरे चेहरे उन्हात विटू लागले. डीजेची गाडी तर मिरवणूक संपली त्याच रात्री पुढच्या गावच्या सुपारीला निघून गेली. मग आमच्या वस्तीत जयंतीचे उरले काय? उरली ती विहारातल्या कपाटावर ठेवलेली एक पेटी, दोन ढोलक्या, एक खंजिरी, टाळांची जोडी आणि संध्याकाळी सहा वाजता विहाराच्या पायरीवर येऊन बसणारी पंधरा-वीस पोरे. सुट्टीत आमचे गायन मंडळ या पोरांना गाणे शिकवते. आज लिहायचे आहे ते याच मंडळाविषयी. पण त्याआधी मार्चमध्ये झालेल्या जयंतीच्या बैठकीतली एक गोष्ट सांगितली पाहिजे.

नाशिक जिल्ह्यातली आमची ही वस्ती काही श्रीमंत नाही. बिगारी काम करणारे, कंपनीत कंत्राटावर असणारे, धुणीभांडी करणाऱ्या आयाबहिणी अशा सगळ्यांनी पोटाला चिमटा घेऊन वर्गणी दिली. बैठकीत हिशेब मांडला गेला. सर्वांत मोठा आकडा डीजेचा. त्याखाली रोषणाई, त्याखाली फलक, त्याखाली फटाके. यादी संपत आली तेव्हा मागे बसलेल्या एका आजीने विचारले, "आन् गायन मंडळाचं काय?" क्षणभर कुणी बोलले नाही. मग एक कार्यकर्ता सहज बोलून गेला, "ते आपलेच आहेत, आजी. त्यांना काय द्यायचं? चहा-नाश्ता करू."

त्या कार्यकर्त्याच्या मनात वाईट काही नव्हते. आम्हीही बैठकीत होतो आणि आम्हीही गप्प राहिलो. पण ते वाक्य अजून कानातून जात नाही. ते आपलेच आहेत! म्हणजे परक्याला रोख आणि आपल्याला चहा. परक्याचा आवाज विकत घ्यायचा आणि आपला फुकटात वापरायचा. बांधवांनो, ही रीत आपण कुठून शिकलो? ज्या गावकीने आपल्या वाडवडिलांकडून शतकानुशतके हलगी वाजवून घेतली आणि बदल्यात शिळी भाकरी दिली, तिचीच ही रीत नव्हे काय?

कठोर वाटेल, पण हे बोलणे भाग आहे. गावात दवंडी द्यायची, मिरवणुकीपुढे वाजवायचे, मेलेल्याच्या पुढे वाजवायचे, हे अस्पृश्यांच्या माथी मारलेले काम होते. कला नावाची, मान शून्य. बाबासाहेबांनी गावकीची ही कामे टाकून द्यायला सांगितले आणि आपल्या माणसांनी उपासमार सोसून ती टाकली. मग त्याच हातांनी ढोलकी पुन्हा उचलली ती स्वतःच्या मुक्तीसाठी. तीच कातडी, तीच थाप. मालक मात्र बदलला. आंबेडकरी जलशाचा खरा अर्थ हा आहे.

महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्यांचा विचार खेड्यापाड्यांत नेला तो सत्यशोधक जलशांनी. तीच परंपरा आंबेडकरी जलशांनी उचलली. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, पण तो वाचू शकणारी माणसे वस्तीत किती होती? ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांचे वर्तमानपत्र म्हणजे जलसा. महाडला काय घडले, काळाराम मंदिराच्या दाराशी काय घडले, हे आपल्या आज्या-पणज्यांना कळले ते गाण्यांतून. जलसाकारांनी तमाशाचा साचा घेतला, पण त्यातला देवाचा गण आणि गौळणीतली छेडछाड बाजूला केली. त्या जागी शिक्षण आणले, पाणवठा आणला, दारूबंदी आणली, गावकीची गुलामगिरी आणली. हसवता हसवता माणूस विचारात पडेल असा वग रचला. भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी दिवसा पोटासाठी राबत आणि रात्री कंदिलाच्या उजेडात उभे राहत. आपली दहा भाषणे आणि एक जलसा यांचे मोल सारखे, असे बाबासाहेब मानत, ही आठवण तर चळवळीत प्रत्येकाच्या तोंडी आहे. फक्त ती वर्गणीचा हिशेब करताना आठवत नाही.

वामनदादा कर्डक आमच्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. १९२२ साली जन्मलेल्या या माणसाला मोठेपणी अक्षरओळख झाली आणि त्याने हजारो गाणी लिहिली. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. त्याच वर्षी जून महिन्यात प्रल्हाद शिंदे गेले. एका उन्हाळ्यात चळवळीचे दोन आवाज बंद झाले. विठ्ठल उमप नोव्हेंबर २०१० मध्ये नागपुरात कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार करून दहा माणसे मारली, तेव्हा शाहीर विलास घोगरे यांना ते सहन झाले नाही. चारच दिवसांत त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. समाजाचे दुःख या माणसांच्या गळ्यातून वाहत होते. त्यांची पुण्यतिथी आपण करतो, फोटोला हार घालतो. पण वस्तीतल्या जिवंत गायकाच्या घरी चूल पेटली की नाही, हे विचारतो काय?

आमच्या वस्तीत एक म्हातारे शाहीर होते. एकेकाळी त्यांची गायन पार्टी पंचक्रोशीत गाजलेली. दुसऱ्या पार्टीशी सामना लागला की पहाट व्हायची. समोरच्याने सवाल टाकायचा आणि यांनी तिथल्या तिथे जबाब जुळवायचा. अकरा रुपयांच्या बक्षिसाला बक्षीस देणाऱ्याचे नाव घेऊन गाण्यात ओळ टाकायची. शाहीर वारले. महिन्याभराने आम्ही त्यांच्या मुलाकडे गाण्यांच्या वह्या मागायला गेलो. त्याने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून उघडली. वह्यांना वाळवी लागलेली. पाने हातात धरली की भुगा व्हायचा. मुलगा म्हणाला, "काका, बाबा असताना कुणी मागितल्या असत्या तर दिल्या असत्या की!" आमच्याकडे उत्तर नव्हते. शाहीर आमच्यापासून चार घरांवर राहत होते. आज त्यांच्या गाण्यांचे नुसते मुखडे आम्हाला येतात. अंतरे कुणालाच येत नाहीत.

त्या दिवसापासून मंडळाने सुट्टीचे काम बदलले. पूर्वी सुट्टी म्हणजे कार्यक्रमांचा हंगाम, एवढेच होते. खेड्यांत जयंती एका दिवसात उरकत नाही. फुले जयंतीपासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत आणि पुढेही, शहरात कामाला गेलेली माणसे सुट्टीवर येतील तशी गावोगाव जयंती चालते. मराठवाड्यात तर ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परतल्याशिवाय जयंतीला रंग चढत नाही. मंडळ आजही या गावांना जाते. पण आता जाताना एक कोरी वही बरोबर नेते. कार्यक्रम झाला की गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसायचे आणि त्याला आठवेल ते गाणे उतरवून घ्यायचे. गाणे कुणाचे, चाल कोणती, कोणत्या प्रसंगी गायचे, सगळे लिहायचे. मोबाईलमध्ये आवाज भरून घ्यायचा. जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या म्हणणाऱ्या आजी अजून भेटतात. त्या म्हणतात, "आमचं काय गाणं? ते तर दळतानाचं." त्यांना सांगावे लागते की आजी, हाच आमचा इतिहास आहे.

आणि संध्याकाळी पोरांचा वर्ग. ढोलकी घेतली की लगेच थाप मारायची नाही, आधी तिची ओळख करून घ्यायची. वादी कशी ओढायची, पुडीवरची शाई का जपायची, हवेत ओल असली की आवाज का बसतो, हे ढोलकीवाले बाबा शिकवतात. एक गाणे बसवायचे तर आधी त्यातला प्रसंग सांगायचा. महाडचे गाणे असेल तर २० मार्च १९२७ ला काय झाले ते पोरांनी आपल्या शब्दांत सांगायचे, मगच पेटी उघडायची. दहा वर्षांची एक मुलगी मागच्या आठवड्यात विचारत होती, "बाबा, तळ्यात जनावरं पाणी पीत होती, तर मग माणसांना का नाही?" हा प्रश्न डीजेपुढे नाचताना कधी पडला असता काय? गाण्याचा वर्ग आणि विचाराचा वर्ग असे दोन वेगळे वर्ग आमच्याकडे नाहीत.

इथे आमची तरुण मुले रागावतील, हे माहीत आहे. बैठकीतही ती म्हणाली, "बाकीच्यांच्या सणाला दहा-दहा दिवस भिंती हादरतात, तेव्हा कुणी बोलत नाही. आपल्या एका दिवसाला मात्र सगळ्यांचे कान दुखतात." मुलांचे म्हणणे खोटे नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि वर्षातल्या मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. नियम सर्वांना एक, पण नियमावर बोट ठेवणारे डोळे आपल्याच मिरवणुकीवर जास्त रोखलेले असतात, हा अनुभव कोणत्या वस्तीला नाही? ज्यांना मोठ्याने बोलायची बंदी होती त्यांनी वर्षातून एकदा मोठा आवाज केला तर त्यामागची भावना आम्ही समजतो. शेजारच्या आळीला त्रास होतो म्हणून आवाज कमी करा, असे सांगायला आम्ही आलेलो नाही.

आमची तक्रार वेगळी आहे. त्या दणदणाटात आपलेच गाणे आपल्याला ऐकू येत नाही. वामनदादांचा शब्द यंत्रात घालून नुसता ठोका उरतो. पोर नाचते, घाम गाळते, पण गाणे कशाविषयी होते हे विचारले तर खांदे उडवते. बाबासाहेबांनी दिलेली ताकद विचाराची आहे. विचार पोचला नाही आणि छाती तेवढी धडधडली, तर त्यात प्रस्थापितांचे काय बिघडते? त्यांना तर असेच हवे आहे. आपण वर्षभर नाचावे आणि वाचू नये, यात त्यांचा फायदाच आहे.

पण सगळा दोष तरुणांवर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. मंडळाचेही चुकले आहे. वर्षानुवर्षे आम्ही तीच दहा गाणी गात राहिलो. पुढाऱ्याने पाचशेची नोट दिली की त्याचे नाव गाण्यात गुंफत राहिलो. बाबासाहेबांनी व्यक्तिपूजेविरुद्ध बजावले असताना आम्ही त्यांचाच देव करणारी गाणी गायिली. बायकांना कोरसात उभे केले आणि माईक पुरुषांच्या हातात ठेवला. ज्या आजीने बैठकीत प्रश्न विचारला तिचा आवाज आमच्या मुख्य गायकाहून खणखणीत आहे, पण तिला कधी पुढे बोलावले नाही. नव्या दुःखाचे नवे गाणेही आम्ही लिहिले नाही. शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही म्हणून कॉलेज सोडणारा पोरगा, कंत्राटावर गटारात उतरणारा माणूस, जातीबाहेर लग्न केले म्हणून मारली जाणारी मुलगी, ही आमच्या गाण्यात कुठे आहेत? जलशाने आपल्या काळाचे प्रश्न घेतले म्हणून तो जिवंत होता. आम्ही आजोबांच्या काळाचीच गाणी गात बसलो, तर पोर डीजेकडे जाईल नाही तर काय करील?

यंदा सुट्टीत सुरुवात झाली आहे. बायकांची वेगळी बैठक बुधवारी आणि शनिवारी होते. माईक त्यांच्याच हातात असतो. मोठ्या मुलांना आम्ही सांगितले आहे, वस्तीतल्या एका प्रश्नावर चार ओळी लिहून आणा, चाल आम्ही लावू. पाण्याच्या टँकरवर एकाने लिहिले आहे. कच्चे आहे, पण त्याचे स्वतःचे आहे. बुद्ध पौर्णिमेला ते विहारात गायले जाईल. मिरवणुकीत ज्याने डीजेपुढे सर्वांत जास्त नाच केला तोच पोरगा आता खंजिरी शिकतो आहे, हेही सांगितले पाहिजे.

म्हणून वस्तीवस्तीतल्या जयंती समित्यांना आमची विनंती आहे. पुढच्या वर्षी वर्गणीची यादी लिहाल तेव्हा पहिली ओळ गायन मंडळाची लिहा. डीजे आणायचा की नाही ते नंतर ठरवा. पण गाणाऱ्याची बिदागी आधी, रोख, आणि सन्मानाने द्या. दर सुट्टीत विहारात गाण्याचा वर्ग भरवा. वाद्यांच्या दुरुस्तीला थोडी रक्कम बाजूला ठेवा. आपल्या वस्तीतल्या जुन्या शाहिराच्या घरी आजच जा, तो आहे तोवर जा, आणि वही मागा. गाणे छापाल तेव्हा त्याखाली कवीचे नाव छापा. नाव पुसणे हा आपल्यावर झालेला जुना अन्याय आहे, तो आपणच आपल्या माणसावर करू नये.

आमच्या समितीने गेल्या रविवारी बैठक घेतली आणि जमाखर्च वाचला. शिलकीत फारसे काही नव्हते. तरीही त्याच आजीने उठून सांगितले, "उरलं ते ढोलकीच्या पुडीला द्या." या वेळी ते आपलेच आहेत, असे कुणी म्हणाले नाही. ठराव मंजूर झाला. रक्कम लहान आहे. पण हिशेबाच्या वहीत गाणाऱ्यांच्या नावाची ओळ पहिल्यांदा लिहिली गेली आहे. ती दरवर्षी लिहिली जावी आणि दरवर्षी वरवर सरकत जावी, एवढेच आमचे मागणे आहे.

जयभीम!