गोदाम त्यांचे, पाठ आमची



२०२४ साली केंद्राने पालघर जिल्ह्यातले वाढवण बंदर मंजूर केले. सरकार म्हणते, १० लाख रोजगार! कसले रोजगार? दाभोशाचा नागली-वरईवाला आज सुगी संपली की भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातो. उद्या भट्टीऐवजी गोदाम, एवढाच फरक. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला मंडळ दिले, भविष्यनिर्वाह निधी दिला. पण नोंद चुकवणारा ठेकेदार दारात उभाच आहे.

कापूस-ज्वारीवाल्यांनो, पोरे तुमचीही जातात. मालाला भाव नाही म्हणून शेतकरी हमाल होतो. आमची मागणी सरळ आहे: प्रत्येक हमालाची माथाडी मंडळात नोंद करा. गावात गोदाम बांधा, मालाच्या पावतीवर कर्ज द्या. माल गावात थांबला, तर पोरगाही थांबेल.